वर्गात धर्माचा विषय कसा घ्यावा: गोव्यातल्या शिक्षकांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शक

बऱ्याच शाळांत सर्वधर्मसमभावाची सुरुवात वेशभूषेने होते. एक मूल टिळा लावून, एक जाळीची टोपी घालून, एक गळ्यात क्रूस अडकवून मंचावर येतं. तिघं हात धरतात, टाळ्या पडतात, फोटो निघतो. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत डबे उघडले की तीच मुलं पुन्हा तीन कोपऱ्यांत बसतात. कार्यक्रम चांगल्या मनाने केलेला असतो, पण जे शेवटी करायचं ते आधी केलेलं असतं.

गोव्यात आणखी एक अडचण आहे. 'आमच्याकडे सगळे गुण्यागोविंदाने राहतात, वेगळं काय शिकवायचं?' हे वाक्य शिक्षकांच्या खोलीत नेहमी ऐकू येतं. २०११च्या जनगणनेनुसार राज्यात हिंदू सुमारे ६६ टक्के, ख्रिस्ती २५ आणि मुस्लिम ८ टक्के. पण ही टक्केवारी प्रत्येक वाड्यावर सारखी नाही. सत्तरी किंवा पेडणे तालुक्यातल्या सरकारी मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या मुलाने ख्रिस्ती मुलाबरोबर एक बाकही वाटून घेतलेला नसतो. सासष्टीतल्या एखाद्या गावात नेमकं उलटं असतं. ही मुलं पहिल्यांदा एकत्र येतात ती पाचवीत, हायस्कुलात. त्यामुळे हा लेख मुख्यतः पाचवी ते आठवीच्या वर्गशिक्षकांसाठी आहे.

क्रम असा ठेवा: आधी वागणूक, मग माहिती, मग भेटी, आणि कार्यक्रम करायचाच असेल तर अगदी शेवटी. ढोबळ वेळापत्रक धरायचं तर पहिले दोन टप्पे चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) सुट्टीआधी, माहितीचे धडे चवथीनंतर आणि भेटी दिवाळीनंतर.

## टप्पा १: वर्गात जाण्याआधीची तयारी

### कायद्याची चौकट समजून घ्या

संविधानाच्या अनुच्छेद २८प्रमाणे पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत कोणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. विद्यार्थी अल्पवयीन असेल तर त्यासाठी पालकांची संमती लागते. चर्चच्या व्यवस्थापनाखालच्या शाळा असोत की हिंदू विश्वस्तांच्या, हे सगळ्यांना लागू आहे.

मग धर्माविषयी बोलायचंच नाही का? बोलायचं. अरुणा रॉय खटल्यात २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने हा फरक स्पष्ट केला आहे: धर्माची दीक्षा देणं वेगळं आणि निरनिराळ्या धर्मांची ओळख करून देणं वेगळं. 'रोजा म्हणजे काय' हे सांगणं दुसऱ्या प्रकारात बसतं. 'चला, आज आपण सगळे रोजा धरू या' म्हटलं की रेषा ओलांडली. हेतू कितीही चांगला असला तरी ओलांडलीच.

सकाळच्या प्रार्थनेचा प्रश्न इथेच येतो. एखादं मूल उभं राहतं, पण म्हणत नाही. त्याला बाहेर काढू नका आणि ओठ हलवायलाही लावू नका. केरळमधली तीन भावंडं राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण आपल्या श्रद्धेमुळे गात नसत, म्हणून त्यांना शाळेतून काढलं होतं. १९८६ साली बिजो इमॅन्युएल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला सांगितलं. राष्ट्रगीताबाबत हा निर्णय असेल, तर शाळेच्या प्रार्थनेबाबत सक्ती कुठून येणार?

### आपली भाषा तपासा

हा भाग कंटाळवाणा वाटतो, म्हणून बहुतेक जण गाळतात. माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. मराठी शाळेत 'आपले सण' म्हटलं की चवथ, दिवाळी, शिगमो. आणि 'त्यांचे सण' म्हणजे नाताळ, ईद. वर्गात बसलेली फातिमा किंवा रोझी त्या एका शब्दाने बाहेर जाते, आणि तिने ते तुम्हाला कधीच सांगितलेलं नसतं. मराठी तिचीही शिकायची भाषा आहे. मराठीतलं ख्रिस्तपुराण १६१६ साली याच गोव्यात, रायतूरला छापलं गेलं. मराठी म्हणजे हिंदू हे समीकरण आपल्या मातीत तरी टिकत नाही.

आठवडाभर एका वहीत स्वतःची वाक्यं टिपा आणि अशी बदला:

- 'ख्रिश्चन लोक असं करतात' याऐवजी 'काही ख्रिस्ती घरांत अशी रीत आहे'.
- 'आपला सण, त्यांचा सण' याऐवजी सणाचं नुसतं नाव.
- 'ते सुद्धा देवाला मानतात' याऐवजी काहीच नाही. या वाक्याची गरज नसते, त्यातला 'सुद्धा' बोचतो.

'काही घरांत' म्हणणं नुसती सावधगिरी नाही, ते खरंही आहे. एकाच वाड्यावर कोणाकडे मातीचा गणपती, कोणाकडे कागदावरचा. कोणाकडे दीड दिवस, कोणाकडे पाच. ख्रिस्त्यांमध्ये कॅथलिक बहुसंख्य, पण बिलिव्हर्स म्हणून ओळखली जाणारी कुटुंबंही आहेत, आणि ती संतांची फेस्तं, म्हणजे चर्चचे वार्षिक उत्सव, करत नाहीत. मुसलमान घरांत कोणी दर्ग्याला जातं, कोणाला ते पटत नाही. काही मुलांच्या घरी कुठलाच धर्म पाळत नाहीत. काही मुलांचे आईवडील दोन वेगळ्या धर्मांचे असतात.

### मुख्याध्यापक आणि पालक

तास सुरू करण्याआधी योजना एका पानावर लिहून मुख्याध्यापकांची सही घ्या आणि पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत वाचून दाखवा. पालकांना पाठवायच्या पत्राचा मजकूर साधा ठेवा:

'आपल्या पाल्याच्या वर्गात यंदा मूल्यशिक्षणाच्या तासाला गोव्यातले सण, उपवास, कालगणना आणि प्रार्थनास्थळं यांची ओळख करून दिली जाईल. कोणत्याही धर्माची प्रार्थना, पूजा किंवा विधी मुलांकडून करून घेतला जाणार नाही. तासाचा मजकूर शाळेत पाहायला मिळेल. भेटीसाठी वेगळं संमतिपत्र पाठवू. शंका असल्यास शनिवारी शाळा सुटल्यावर भेटावं.'

पत्र एकाच भाषेत काढू नका. मराठी, इंग्रजी, आणि कोंकणी देवनागरी व रोमी या दोन्ही लिप्यांत. वास्को, मडगाव किंवा औद्योगिक वसाहतींजवळच्या शाळांत हिंदी आणि कन्नडही लागेल. ज्या पालकाला पत्र वाचता आलं नाही, तोच पुढे सगळ्यात जास्त घाबरतो.

सावधान: कोणत्या मुलाचा कोणता धर्म याची यादी करू नका आणि वर्गात हात वर करायलाही सांगू नका. आडनावावरून अंदाज तर मुळीच नको.

तपासा: मुख्याध्यापकांची सही, पालकांना गेलेलं पत्र आणि बदललेल्या वाक्यांची वही. तिन्ही हातात नसतील तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: बोलायची आणि ऐकायची शिस्त

पहिले चार-पाच तास धर्माचं नावही काढायचं नाही. घाई होते ती इथे. मुलांना ऐकून घ्यायची सवय नसताना थेट 'तुमच्या घरी पूजा कशी होते?' विचारलं, तर कोणीतरी हसणार. ते हसू पुढचं सगळं वर्ष पुसत बसावं लागतं.

१. मुलांच्या जोड्या करा. एकाने दोन मिनिटं बोलायचं, दुसऱ्याने मध्ये न बोलता ऐकायचं आणि मग 'तू असं म्हणालास, बरोबर?' एवढंच विचारायचं. विषय साधे: माझं नाव कोणी ठेवलं, घरी सगळ्यात लवकर कोण उठतं, पावसाळ्यात शाळेत यायची वाट.

२. 'का' आणि 'कसं' यातला फरक शिकवा. 'तुम्ही डुकराचं मांस का खात नाही?' विचारलं की समोरचं मूल आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहतं. 'तुमच्या घरी सणाला काय शिजतं, ते कसं करतात?' विचारलं की ते हातवारे करत सांगू लागतं. पहिल्या सत्रात फक्त 'काय, कसं, कधी, कोण' हेच प्रश्न. 'का' दुसऱ्या सत्रात, तोही माणसाला नाही, पुस्तकाला किंवा पाहुण्याला.

३. 'पास' म्हणायचा हक्क द्या. कोणत्याही प्रश्नाला, कोणतंही कारण न देता. आणि पहिल्यांदा तो हक्क तुम्ही स्वतः वापरून दाखवा. एखाद्या मुलाने तुम्हाला काही विचारलं की शांतपणे 'पास' म्हणा. शिक्षकालाही न सांगायचा हक्क आहे हे पाहिलं की मुलं निर्धास्त होतात.

४. वर्गाचे नियम मुलांकडूनच लिहून घ्या, चार-पाचच. 'दुसऱ्याच्या डब्यावर, देवावर आणि कपड्यावर शेरा नाही' हा त्यांत असू द्या. कागद भिंतीवर लावा आणि खाली तुम्हीही सही करा.

डब्याचा प्रश्न किरकोळ समजू नका. माध्यान्ह आहाराची पाव-भाजी सगळे एकत्र खातात, पण घरच्या डब्यात मासे, चौरीस (डुकराच्या मांसाचं सॉसेज) किंवा बीफ असलं की नाकं मुरडली जातात. उलट, शाकाहारी मुलाचीही चेष्टा होते. नियम दोन्हीकडे सारखा: आपला डबा आपण खायचा, दुसऱ्याच्या डब्यावर बोलायचं नाही, आणि आग्रह करून कोणाला चाखायला लावायचं नाही. शेवटचा भाग लोक विसरतात. 'एकदा खाऊन तर बघ' हा प्रेमाचा आग्रहसुद्धा इथे चूक आहे.

तपासा: कोणी बोलत असताना बाकीचे दोन मिनिटं शांत राहतात का? एका तासात निदान दोन मुलांनी न घाबरता 'पास' म्हटलं का? नसेल तर आणखी एक आठवडा इथेच थांबा.

## टप्पा ३: माहितीचे धडे

बहुतेक ठिकाणी इथे तक्ता येतो: धर्म, संस्थापक, ग्रंथ, प्रार्थनास्थळ, सण. पाठ करायला सोपा आणि जवळजवळ निरुपयोगी. संस्थापकाच्या रकान्यात हिंदू धर्मापुढे काय लिहायचं इथेच तो अडतो. धर्मावरून सुरुवात करण्याऐवजी मुलांच्या आयुष्यातल्या एखाद्या गोष्टीवरून करा. गोव्यात चालतील असे तीन धडे सांगतो.

### पहिला धडा: तारखा का सरकतात

हा पहिला घ्या. यात कोणाच्या भावनेला धक्का लागत नाही आणि गणितही होतं. गेल्या तीन वर्षांची कॅलेंडरं आणायला सांगा. चवथ, ईस्टर आणि ईद यांच्या तारखा फळ्यावर लिहा. तिन्ही सरकतात. कशा?

ईस्टर म्हणजे २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार. हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचं, म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे येतो आणि कधी उन्हाळ्यात, कधी पावसात पडतो. हिंदू पंचांगाचं चांद्र वर्षही तेवढंच, पण साधारण पावणेतीन वर्षांनी अधिक महिना घालून ते ऋतूंशी जुळवून घेतात, म्हणून चवथ पावसाळा सोडत नाही. म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीचं (मेरीमातेचं) फेस्त ईस्टरनंतर पंधराव्या दिवशी, सोमवारी येतं. पुढच्या वर्षीची तारीख मुलांना स्वतः काढू द्या. तारीख जुळली की त्यांना होणारा आनंद पाहण्यासारखा असतो.

### दुसरा धडा: उपवास

श्रावणी सोमवार आणि एकादशी, रमजानचा रोजा, कॅथलिकांचा करेज्म, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासाचा काळ. तिन्ही ठिकाणी माणूस भूक आवरतो, पण रीती अगदी वेगळ्या. रोज्यात पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत पाणीही नाही. एकादशीला फराळ चालतो, धान्य नाही. करेज्मात राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे हे उपवासाचे दिवस, मांस वर्ज्य. शिवाय अनेक जण चाळीस दिवस आवडीची एखादी गोष्ट सोडतात.

इथे 'म्हणजे सगळं एकच' असं म्हणायचा मोह होतो. म्हणू नका. सातवीतल्या मुलाला स्पष्ट दिसतं की सगळं एकच नाही, आणि शिक्षक काहीतरी झाकतोय असं त्याला वाटतं. फरक तसेच राहू द्या. दुसऱ्याची रीत आपल्याहून वेगळी आहे, तरी त्याच्याशी नीट वागायचं, एवढंच शिकवायचं आहे. रोजा असलेल्या मुलाला त्या दिवशी कवायतीत पळायला लावू नये, त्याच्यासमोर पाण्याची बाटली नाचवू नये, ही त्या धड्याची परीक्षा.

### तिसरा धडा: नवं कणीस

चवथीच्या दुसऱ्या दिवशी अनेक हिंदू घरांत नव्याची पंचमी असते, भाताच्या नव्या लोंब्या देवापुढे आणि दारावर येतात. ऑगस्टमध्ये सासष्टीत राय गावच्या इगर्जीत (चर्चमध्ये) कणसाचं फेस्त होतं. पाद्री कणसं आशीर्वादित करतात आणि लोक ती घरी नेतात. शेत तेच, पाऊस तोच. मुलांना आजी-आजोबांकडून हे लिहून आणायला सांगा: शेत कोणाचं होतं, कोण कापायला येई, पहिलं कणीस कुठे जाई.

मग प्रश्न येतो: मुसलमानांचा असा सण कुठला? तसा रकाना ओढूनताणून भरू नका. प्रत्येक धर्मात प्रत्येक गोष्टीची जोडी असलीच पाहिजे असं नाही. त्या मुलांना घरच्या कामाबद्दल, शेताबद्दल किंवा दुकानाबद्दल तोच प्रश्न विचारा आणि पुढे चला.

सावधान: वर्गात एकच मुस्लिम किंवा एकच ख्रिस्ती मूल असेल तर त्याला त्या धर्माचा प्रवक्ता करू नका. 'सांग गं, तुमच्यात काय असतं?' हे वाक्य पूर्ण बंद. माहिती तुम्ही द्या. त्या मुलाला भर घालावीशी वाटली तर ते आपणहून घालेल.

## टप्पा ४: सामायिक ठिकाणं आणि अवघड इतिहास

शिरगावची देवी लईराई आणि मिलाग्रीस सायबीण या बहिणी, अशी बार्देश-डिचोलीकडची श्रद्धा. शिरगावची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीला होते, आणि म्हापशाच्या सायबिणीला हिंदूही तेल वाहायला जातात. शिवोलीचा जागोर (रात्रीचा लोकनाट्याचा उत्सव) हिंदू आणि ख्रिस्ती मिळून करतात. शिगम्यात फातर्प्याहून कुंकळ्ळीला येणाऱ्या शांतादुर्गेच्या बारा सोत्र्यांच्या (छत्र्यांच्या) मिरवणुकीत दोन्ही समाजांच्या कुळांना मान आहे. ही उदाहरणं जरूर घ्या, मुलांनी ती पाहिलेली असतात.

मात्र 'लोक असं मानतात' एवढंच सांगा. चर्चच्या शिकवणीत सायबीण लईराईची बहीण नाही; एखादं कॅथलिक मूल तसं म्हणालं तर ते चुकीचं बोलत नाही. दोन्ही गोष्टी फळ्यावर शेजारी लिहा आणि निकाल देऊ नका.

याच सुमारास कोणीतरी विचारतंच: 'पण टीचर, पोर्तुगिजांनी देवळं पाडली ना?' बहुतेक शिक्षक इथे विषय बदलतात. ती फार मोठी चूक आहे, कारण उत्तर मग मोबाइलवरून मिळतं, आणि ते कोण देतं हे आपल्या हातात राहत नाही. उत्तर या क्रमाने द्या:

१. खरं ते सांगा. हो, सोळाव्या शतकात तिसवाडी, बार्देश, सासष्टीत देवळं पाडली गेली. मंगेश कुठ्ठाळीहून, शांतादुर्गा केळशीहून, असे अनेक देव लोकांनी आताच्या फोंडा तालुक्यात नेले. मधली काही वर्षं सोडली तर १५६० ते १८१२ गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, होतं.

२. कोणी केलं ते नेमकं सांगा: त्या वेळच्या पोर्तुगीज राजसत्तेने आणि तिच्याबरोबरच्या चर्चच्या अधिकाऱ्यांनी. 'ख्रिश्चनांनी' असा शब्द वापरला की बोट वर्गातल्या मुलीकडे वळतं. तिचे पूर्वज तर इथलेच होते.

३. त्रास कोणाकोणाला झाला ते सांगा. इन्क्विझिशनच्या खटल्यांत सापडलेले बहुसंख्य लोक बाप्तिस्मा घेतलेलेच होते. जुन्या रीती सोडल्या नाहीत म्हणून त्यांना शिक्षा झाल्या. हे ऐकल्यावर वर्गातल्या दोन्ही बाजूंच्या मुलांचे चेहरे बदलतात.

४. आजच्या मुलांची जबाबदारी वेगळी काढा. 'चारशे वर्षांपूर्वीच्या गोष्टीसाठी या वर्गात कोणी उत्तर द्यायचं नाही.' हे वाक्य मोठ्याने, सगळ्यांकडे बघून म्हणा.

एवढं होऊनही वाद चिघळला तर 'तुमचे प्रश्न लिहून द्या, पुढच्या तासाला घेऊ' म्हणा आणि खरोखर घ्या. टाळलं तर मुलांचा तुमच्यावरचा विश्वास जातो.

## टप्पा ५: प्रार्थनास्थळांना भेट

चांगली तयारी असेल तर भेटीइतकं शिकवणारं दुसरं काही नाही. तयारी नसेल तर तीच भेट वर्षभराचं काम बुडवते. २०२३ साली मुरगाव तालुक्यातल्या एका शाळेने मुलांना मशिदीत नेलं. त्यावरून वाद पेटला आणि मुख्याध्यापकांवर निलंबनाची कारवाई झाली. त्या प्रकरणात कोणाचं बरोबर हा इथला विषय नाही. पण भेट कशासाठी, कोणाच्या परवानगीने आणि तिथे नेमकं काय होणार, हे आधी कागदावर असायला हवं, एवढं प्रत्येक शिक्षकाने त्यातून घ्यावं.

१. एकाच ठिकाणी नेऊ नका. एकाच सत्रात, शक्यतो एकाच दिवशी तीन ठिकाणं घ्या. फोंडा तालुका त्यासाठी सोयीचा: १५६० साली बांधलेली साफा मशीद आणि तिची तळी, मंगेशीचं किंवा म्हार्दोळचं देऊळ, आणि शहरातलं चर्च. अंतरं कमी, एका बसमध्ये होतं.

२. निमंत्रण कोणत्याही संघटनेकडून येऊ देऊ नका. विनंती शाळेने करावी, तीही थेट त्या ठिकाणच्या व्यवस्थापनाला.

३. यजमानांशी आधी बोला, तेही दोन आठवडे आधी. प्रार्थना करवून घेऊ नये, पुस्तिका वाटू नये, दुसऱ्या धर्माशी तुलना करू नये. प्रसाद, तीर्थ किंवा खाऊ द्यायचा तर ताटात ठेवावा. ज्याला हवा तो घेईल.

४. संमतिपत्रात ठिकाणं, वेळ, पोशाख आणि 'कोणताही विधी केला जाणार नाही' हे वाक्य घाला. संमती न देणाऱ्या पालकाला कारण विचारू नका. त्या मुलांसाठी शाळेत त्याच विषयाचा खरा तास ठेवा. त्यांना वाचनालयात नुसतं बसवून ठेवलं तर ती शिक्षाच होते.

५. पोशाख शाळेचा गणवेशच. खांदे-गुडघे झाकलेले, पादत्राणं बाहेर. डोक्यावर वस्त्र घ्यायची रीत एखाद्या ठिकाणी असेल तर ती पत्रात आधी लिहा. तिथे पोहोचल्यावर मुलींना अचानक ओढणी द्यायची वेळ येऊ देऊ नका. ज्याला ते नको, तो बाहेरून पाहील.

६. आत न जाता बाहेर थांबणाऱ्या मुलाला कारण विचारायचं नाही. श्रद्धा असेल, घरचं सुतक असेल, पाळी असेल. एक शिक्षक बाहेर थांबेल हे आधीच ठरवा, म्हणजे कोणी एकटं पडत नाही.

परत आल्यावर वहीत तीन रकाने: काय पाहिलं, काय ऐकलं, काय कळलं नाही. तिसरा रकाना रिकामा असेल तर मूल नीट बघत नव्हतं असं समजा. सगळ्यात चांगले प्रश्न निवडून, मुलांची नावं न घालता, त्या त्या ठिकाणच्या व्यवस्थापनाला पाठवा.

सावधान: मुलांचे हात जोडलेले किंवा डोकं टेकलेले फोटो काढू नका, समाजमाध्यमांवर तर टाकूच नका. फोटो इमारतीचे.

## टप्पा ६: कोणी दुखावणारं बोललं तर

हा टप्पा वेळापत्रकात नसतो, तो कधीही येतो. कर्नाटकातून आलेल्या मुलाला कोणी 'घाटी' म्हणतं, सणाच्या दिवशी कोणाच्या टोपीला हात लागतो, वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर भलताच व्हिडिओ येतो.

१. त्याच क्षणी एका वाक्यात थांबवा. 'हा शब्द या वर्गात चालत नाही. पुस्तक उघडा.' भाषण नको.

२. तास संपल्यावर आधी दुखावलेल्या मुलाशी बोला, एकट्याने. 'तुला काय हवं आहे?' विचारा. कधी त्याला फक्त जागा बदलून हवी असते.

३. मग बोलणाऱ्याशी. शब्द कुठे ऐकला ते विचारा. बहुतेक वेळा घरी किंवा मैदानावर ऐकलेला असतो, आणि मुलाला त्याची धार माहीत नसते. धार माहीत असूनही वापरला असेल तर ते शिस्तीचं प्रकरण. शाळेच्या नियमाप्रमाणे कारवाई करा. त्या मुलाचा धर्म कोणताही असो, कारवाई सारखीच.

४. दोन्ही घरी त्याच दिवशी फोन करा. उशीर झाला की गोष्ट वाड्यावर पोहोचते, आणि पोहोचताना मोठी होते.

५. तीन-चार दिवसांनी दुखावलेल्या मुलाला पुन्हा विचारा. हे जवळजवळ कोणीच करत नाही.

वर्गासमोर जबरदस्तीने माफी मागायला लावू नका. अशी माफी तोंडावर असते, राग मनात राहतो, आणि दुखावलेल्या मुलाला सगळ्यांसमोर दुसऱ्यांदा उभं राहावं लागतं. प्रसंगाचा 'धडा' करून त्याच दिवशी सगळ्या वर्गाला शिकवणंही टाळा. पंधरा दिवसांनी, नावं आणि तपशील बदलून, वेगळ्या गोष्टीतून तो विषय घ्या.

बाहेर तणाव असेल, निवडणूक असेल किंवा टीव्हीवर दंगलीची बातमी असेल, तर त्या दिवशी चर्चा उघडू नका. एवढंच सांगा: 'बाहेर काहीही चाललं असलं तरी या वर्गात प्रत्येक जण सुरक्षित आहे. कोणाला काही बोलायचं असेल तर सुट्टीत माझ्याकडे या.'

## टप्पा ७: काय साधलं ते कसं पाहायचं

यासाठी गुण देऊ नका. सहिष्णुतेला दहापैकी आठ गुण दिले की मुलं शिक्षकाला हवं तेच बोलायला शिकतात. त्याऐवजी दोन गोष्टी वहीत नोंदवा: मधल्या सुट्टीत कोण कोणाजवळ बसतं, आणि गट स्वतः निवडायला सांगितले की कोण कोणाला घेतं. एकदा चवथीआधी, एकदा वार्षिक परीक्षेआधी. बदल झाला नसेल तर दुसऱ्या टप्प्याकडे परत जा. बहुधा कच्चा तोच राहिलेला असतो.

## टप्पा ८: कार्यक्रम, करायचाच असेल तर

वेशभूषा नको. मुलांनी काढलेली तारखांची तक्ती, आजी-आजोबांकडून लिहून आणलेल्या कणसाच्या गोष्टी आणि भेटीतले अनुत्तरित प्रश्न भिंतीवर लावा. पालकांना बोलवा आणि भिंतीशी मुलांनाच उभं करा, समजावून सांगायला. आपल्या घरच्या रीतीबद्दल नाही, दुसऱ्याच्या रीतीबद्दल बोलायचं. त्यासाठी आदल्या दिवशी ज्याच्या घरची ती रीत आहे त्या मित्राला मजकूर वाचून दाखवायचा आणि 'हे बरोबर आहे का?' विचारायचं. त्याने बदल सुचवला तर तो करायचाच.

## पालक विचारतात तेव्हा

'माझ्या मुलाला दुसऱ्याचा धर्म शिकवता का?' या प्रश्नात राग कमी आणि भीती जास्त असते. वाद घालू नका. तासाची वही पुढे ठेवा आणि वाचायला वेळ द्या. 'प्रार्थना नाही, विधी नाही, तुलना नाही' हे तीन मुद्दे सांगा. एखाद्या तासाला मागच्या बाकावर बसायचं आमंत्रण द्या. तरीही पालक 'नको' म्हणाले तर भेटीतून मुलाला वगळा. वर्गातल्या नियमांतून मात्र वगळता येणार नाही हे नम्रपणे, पण ठामपणे सांगा: डब्यावर शेरा नाही आणि शब्दाने दुखवायचं नाही, हे सगळ्यांनाच पाळायचं आहे.

'आमच्या मुलाची दोतोर्न (कॅथलिक धर्मशिक्षण) शाळेतच असते, मग हा तास कशाला?' असंही काही पालक विचारतात. काही शाळांत कॅथलिक मुलं दोतोर्नला जातात आणि बाकीची मूल्यशिक्षणाला बसतात, त्यामुळे नेमक्या याच तासाला वर्ग दोन भागांत फुटतो. तुमच्या शाळेत तसं असेल तर वेळापत्रक ठरतानाच मुख्याध्यापकांकडून आठवड्याचा एक वेगळा तास मागून घ्या, सगळी मुलं एकत्र असतील असा. पुढच्या वर्षी वर्ग दुसऱ्या शिक्षकाकडे जाणार असेल तर नोंदवही, पत्रांचे नमुने आणि ज्या प्रार्थनास्थळांनी होकार दिला त्यांची यादी त्यांच्या हातात द्या, आणि सणांच्या तारखा नव्याने काढायला सांगा.